माझं शहाणं हृदय

सोमवार, ४ ऑगस्ट
संपले! चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, तेही जीव तोडून. वर शिट्टी मॅडमनी बॉम्ब टाकला — आठशे मीटरला मोठ्या स्पर्धेला एकच मुलगी जाणार. मी, नाहीतर बुटकी.

आमच्या वेळा महिनाभर सारख्याच येतायत. "मग तुमच्या हृदयांनाच विचारू," म्हणाल्या. शेवटची फेरी झाली की आडवं व्हायचं, जोडीदारणीने मानेवरची नाडी मोजायची, मिनिटभराने पुन्हा. जिचे ठोके जास्त उतरतील ती लवकर सावरते, तिला पाठवायचं. माझी नाडी बुटकी मोजणार, तिची मी. शत्रूच्या हातात मान द्यायची!

बुधवार, ६ ऑगस्ट
माझं हृदय शहाणं निघालं! मिनिटभरात असं खाली येतं की मॅडमच्या भुवया वर गेल्या. बुटकीचं मात्र हट्टी, उतरतं ते आपल्या चालीने. "माझ्या आत्यासारखं आहे तुझं," मी म्हटलं, "निघते निघते म्हणत दारात तासभर बोलतं." ती पोट धरून हसली. तिचा हात काय जड आहे पण! मान आहे माझी, कणीक नाही.

आई म्हणाली, "हृदय माझ्यावर गेलंय." आणि डोकं? "ते तुझ्या बाबांवर."

सोमवार, ११ ऑगस्ट
आज पुन्हा मीच पुढे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बोलले नाही. उगाच शहाण्या हृदयाची बदनामी कशाला!

मला जायचंय. फार जायचंय. दरवर्षी माझा नंबर एकीने हुकतो आणि मी बाकीच्यांच्या बॅगा सांभाळते. पुढच्या वर्षी मोठ्या गटात गेले की मला कोण विचारतंय?

गुरुवार, १४ ऑगस्ट
मैदानावर डॉक्टर आल्या होत्या, कुणाचा तरी घोटा बघायला. जाता जाता आमच्याकडे लक्ष गेलं आणि किंचाळल्याच — "अगं, नाडी बघतेस की गळा दाबतेस तिचा?"

मानेतल्या त्या जागी जोरात दाबलं की हृदयाला वाटतं रक्ताचा दाब वाढला, आणि ते आपणहून मंदावतं म्हणे. चक्करसुद्धा येते. बोटं नुसती टेकवायची असतात! पोरी हसून हसून लोळल्या. मीही लोळले. मग डोक्यात उजेड पडला — माझं शहाणं हृदय म्हणजे बुटकीचा अंगठा!

मॅडम म्हणाल्या, "आधीचं सगळं बाद. उद्या छातीला लावायचा पट्टा आणते. त्याला अंगठा नसतो."

शुक्रवार, १५ ऑगस्ट
बुटकीचे ठोके बेचाळीसने उतरले. माझे एकतीसने. बुटकी जाणार.

"वाईट नाही हं तुझं," मॅडम म्हणाल्या. वाईट नाही!

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाहेरून आई — "पाणी वाया जातंय. रडायचंय तर बाहेर ये, इथे फुकट आहे." गेले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ रडले. या वेळी तिने एकही टोमणा मारला नाही.

रविवार, १७ ऑगस्ट
बुटकीचे तीन फोन. घेतले नाहीत. पहिल्यापासून नीट मोजलं असतं तर मी आशेला लागलेच नसते. हातोडा कुठली!

मंगळवार, १९ ऑगस्ट
बुटकी घरी आली. उद्या निघणार आहे. मी तोंड फुगवून बसले, आईच तिच्याशी बोलत राहिली. शेवटी दारात मी मोठ्या मनाने म्हटलं, "जाऊ दे, तुला तरी काय माहीत होतं!"

ती खाली बसून बूट चढवत होती. वर न बघता म्हणाली, "माहीत होतं गं. डॉक्टर म्हणाल्या ते नाही, पण दाबलं की तुझे ठोके उतरतात, हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुला इतकं जायचं होतं..."

"आणि तुला नव्हतं जायचं?"

"होतं की," म्हणाली.