लांबच्या गावचा नियम

६ जानेवारी
आजही! अवधूत अर्धा दिवस प्राचीच्या टेबलापाशी. सोलर पंपाचा मेकॅनिक आहे तं पंपापाशी जा न बाप्पा! ती तक्रारीचे फोन घेते अन् मधातच याच्या बोलण्यावर हसते. मी कोपऱ्यात बसून ऑफिसचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माझ्याशी बोलते ते इतकंच – "प्रिंटर अटकला."
जळतो मी त्याच्यावर. इथं लिहायले काय लाज!

८ जानेवारी
तक्रार आली की सॉफ्टवेअर मेकॅनिकलोकांले पाळीनं वाटते. तो नियम मीच बसवला. आज लांबचं काम नेमकं अवधूतलेच जावं असं करून पाहिलं. होत नाही! सॉफ्टवेअर म्हणे काम गटाले द्या, एका माणसाले देता येत नाही.
प्राचीनं त्याले डब्यातली जवसाची चटणी दिली. मले विचारलंबी नाही.

९ जानेवारी
सुचलं! नवा गट केला – 'लांबची गावं'. गटात माणूस एकच. पाळी कितीही फिरो, अवधूतवरच येते! पुसदले आपलं दुसरं ऑफिस आहे, नाहीतर तिकडंच धाडला असता. बोरी अरब धरलं. तिथून रोज एक तरी तक्रार असतेच. जाणं, येणं, काम – दिवस जाते.

१० जानेवारी
चाललं नाही. पहिला नियम बोरीच्या तक्रारीवर 'लांबचं' अशी खूण लावते, पण ती खूण पाहून काम गटाले देणाऱ्या दुसऱ्या नियमाले ती दिसतच नाही. नियमानं केलेल्या बदलानं नियम जागा होत नाही, माणसाचाच हात लागते. अन् अवधूत मोकाट इथंच, दोनदा चहा!
मग जुगाड केला. दुसऱ्या नियमाले सांगितलं, तासातासाले उठ अन् खूण शोध. चाललं!

१३ जानेवारी
अवधूत बोरीले. ऑफिसात काय शांतता! हिंमत करून प्राचीले गाव विचारलं. दारव्ह्याची म्हणे. मी म्हटलं, मी आर्णीचा. तसं आमचं गाव आर्णीपासून बरंच आत आहे, पण ते कोण सांगत बसते.

१४ जानेवारी
संक्रांत. प्राचीनं तिळाचे लाडू वाटले. मले एक. बोरीले गेलेल्या अवधूतसाठी दोन बांधून ठेवले. दोन!

१९ जानेवारी
अवधूत म्हणे, "भौ, मलेच काहून रोज बोरी?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर ठरवते, माझ्या हातात काय आहे! इतक्या साधेपणानं म्हटलं की मलेच खरं वाटलं.

२३ जानेवारी
आता तो कुरकुर करत नाही. उलट सकाळी आल्या आल्या विचारते, बोरीची आली का? आज येताना हुरडा आणला अन् प्राचीपुढं ठेवला. तिनं घास घेतला तं डोळ्यात पाणी! हुरडा खाऊन कोणी रडते का? एवढ्या लांब धाडला तरी हा तिच्यासाठी काहीबाही आणतेच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

२८ जानेवारी
ठरलं. सोमवारी प्राचीले चहाले नेतो अन् सरळ विचारतो, लग्न करशील का? नवा शर्ट घेतला. त्या दिवशी अवधूत बोरीलेच राहील, तेवढं पाहून ठेवलं.

२ फेब्रुवारी
नवा शर्ट घालून गेलो. प्राची पेढे घेऊन आली, मागं अवधूत. दोघांचा साखरपुडा ठरला! तिच्या बाबांचा पंप यानंच दुरुस्त केला, मग चहाले जात राह्यला, घरच्यांले पोरगा आवडला. तो हुरडाबी त्यांच्याच वावरातला. वावर बोरी अरबचं. अवधूत गळ्यातच पडला – म्हणे तुया सॉफ्टवेअरचे उपकार.
कसंबसं म्हटलं, तू तं दारव्ह्याची न?
"बोरी कोण वळखते, दादा? आपण तालुकाच सांगतो न!"
दादा!