मांजरीखालची ताडपत्री

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
इमारत देखभाल विभाग.

मार्फत : मुकादम, पाइप विभाग (तक्रार यांच्याचविरुद्ध आहे)

विषय : माझ्या मुलाचा आजार लागट नाही, हे मुकादमांनी स्वतःच्या तोंडाने सांगण्याबाबत.

संदर्भ : मुकादमांनी हजेरीच्या वेळी सर्वांदेखत काढलेले उद्गार.

महोदय,

आपल्या मुकादमांचे वागणे माणसाला शोभणारे नाही, हे कळवण्यास मला अत्यंत वाईट वाटते. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, तरी शब्द मोजून वापरले आहेत. मनात होते ते लिहिले असते तर कागद आपल्या टेबलावर ठेवण्यासारखा राहिला नसता.

१. माझा मुलगा आपल्याकडे प्लंबर आहे. ऑफिसच्या फरशीखाली जी बुटकी पोकळी आहे तिथे पाठीवर निजून, सरपटत जाऊन पाइप दुरुस्त करावे लागतात. सदरा क्लॅम्पला अडकतो, म्हणून उघड्या अंगाने जायचे आणि पाठीखाली ताडपत्री घ्यायची, ही माझ्या मालकांची पद्धत. तेही आपल्याकडेच प्लंबर होते. लेकाने तीच उचलली.

२. मुकादमांची एक लाडकी मांजर आहे. ती त्या पोकळीत, नेमकी ताडपत्रीवर व्याली. बाळंतिणीला उठवायचे नाही, असा मुकादमांचा हुकूम सुटला. दुसरी ताडपत्री मागितली, तर एक शिल्लक असताना दुसरी मिळत नाही, असे उत्तर मिळाले. पाइप तर गळतच होता. माझा मुलगा उघड्या पाठीने ओल्या वाळूवर निजला. ती वाळू म्हणजे गावच्या कुत्र्या-मांजरांचे शौचकूप आहे, हे आपण एकदा वाकून पाहावे.

३. पुढे त्याच्या पाठीवर तांबड्या, वेड्यावाकड्या रेघा उठल्या. रोज थोड्या पुढे सरकायच्या. खाजवून खाजवून पोराने पाठ सोलून काढली. कातडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कुत्र्या-मांजरांच्या पोटातला जंत. त्यांच्या विष्ठेतून वाळूत येतो आणि उघड्या कातडीतून आत शिरतो. माणसाच्या अंगात त्याला वाट सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भटकत राहतो. एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या दिल्या, रेघा सुकल्या.

४. परंतु मुकादमांनी त्याआधीच हजेरीला जाहीर केले होते, "याला लागट रोग झालाय. याच्याजवळ बसू नका, घरी लेकरंबाळं असतील त्यांनी तर मुळीच नाही." पाइपाच्या आट्यांना लावायच्या लाल रंगाने त्याच्या पेल्यावर फुली मारली. डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला, तो त्यांनी वाचलासुद्धा नाही.

५. साहेब, त्याच आठवड्यात माझ्या सुनेला मुलगी झाली. पहिलीच. तिच्या बापाने तिला अजून हातात घेतलेले नाही. सून पुढे करते, हा हात पाठीमागे नेतो. बाहेरच्या खोलीत निजतो आणि दारातून बघतो. पोरीची झोप मोडू नये म्हणून मोरीतल्या ठिबकत्या नळाचा वायसर बदलला. त्याची माया तेवढी नळापर्यंत पोचते. मी पुष्कळ बोलले, शिव्यासुद्धा दिल्या. तर म्हणतो, "आई, मुकादम खोटं बोलले असतील तर बरंच. पण खरं असलं तर?" तेव्हा मी हा अर्ज लिहायला बसले.

मला भरपाई नको. मांजरीवरही राग नाही. तिला पिलांसकट खोक्यात घालून दुसरीकडे हलवावे, जनावरांच्या डॉक्टरकडून जंताचे औषध द्यावे, पोकळीला जाळी लावावी आणि प्लंबर लोकांना नवी ताडपत्री द्यावी. मुकादमांनी मात्र त्याच हजेरीला, त्याच माणसांसमोर, त्याच आवाजात आपले बोलणे मागे घ्यावे. माझा मुलगा आईचे ऐकत नाही, डॉक्टरचे ऐकत नाही, त्यांचे ऐकेल.

आपल्या ऑफिसच्या नियमाप्रमाणे अर्ज मुकादमांच्याच हातून वर जातो. मध्येच हरवू नये म्हणून मी तो आज हजेरीला, त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्याने वाचत आहे. शेवटचे चार शब्द त्यांना आहेत, आपणही वाचून घ्यावेत :

"मुकादम, बाळंतिणीची दया आली, चांगलं केलंत. पण ताडपत्री माझ्या लेकाच्या पाठीखालची होती. तुमची मांजर पिल्लं तोंडात धरून ऑफिसभर हिंडते, आणि माझा लेक स्वतःचं पोर हातात धरायला भितो. जंत गोळ्यांनी मेला. तुमचा शब्द त्याच्या अंगात अजून फिरतोय. तो तुम्ही घातलात, तुम्हीच काढा."

आपली नम्र,
(सही)
प्लंबरची आई

सोबत : १. डॉक्टरीणबाईंचा कागद. २. लाल फुलीचा पेला.