पिवळ्या दोऱ्यांची पाच रोपं

अब्बा, त्या पाच रोपांबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील, आणि एवढ्या वर्षांत मी हे अम्मीलाही सांगितलेलं नाही. घरात आपण दखनीच बोलायचो, पण झाडांचा विषय निघाला की तुमची जीभ आपोआप मराठीवर यायची, कारण झाडांची नावं, त्यांच्या खोडी, त्यांची दुखणी हे सगळं तुम्ही पाटसच्या कॉलनीत माळीकाम करताना मराठीतच शिकला होतात. म्हणून हेही मराठीतच लिहितो. तोंडावर बोलायची हिंमत तेव्हा झाली नाही आणि आता समोरून बोलणारं कुणी नाही, तेव्हा ही हिंमत काही फार मोठी नाही, हे मला कळतं.

फाल्गुनातला तो दिवस मला लख्ख आठवतो. शिरूरच्या रस्त्याला मी नुकतीच नर्सरी टाकली होती, तुम्ही रिटायर होऊन माझ्या मदतीला आला होतात, आणि शेणखताची एक ट्रॉली ठरवायला आपण दोघे मोटरसायकलवर कवठे येमाईकडे चाललो होतो. माळावरचे पळस नेहमीसारखे केशरी फुललेले. एकदम तुम्ही माझा खांदा दाबलात, "थांब, थांब, गाडी थांबव." ओढ्याच्या कडेला एक पळस पिवळा होता. अगदी लिंबाच्या सालीसारखा पिवळा. मी म्हणालो, उन्हानं रंग उडाला असेल. तुम्ही खाली उतरता उतरता म्हणालात, "उडायला ती काय दोरीवरची साडी हाय व्हय?" मग तुम्ही एक फूल उलटं करून त्याचा मखमली देठ पाहिला, चोचीसारखी पाकळी बोटानं उघडली, खोडाची साल नखानं खरवडून तांबडा डिंक येतो का ते पाहिलं, आणि मगच बोललात. "पळसच हाय. जात तीच, रंग येगळा. सारी हयात झाडांत गेली, पर ह्यो आज पयल्यांदा बघतोय." परत येताना तुम्ही मला बजावलंत की ही गोष्ट कुणाजवळ काढायची नाही. पिवळ्या पळसानं पुरलेलं धन सापडतं असं लोक मानतात आणि मग साल सोलतात, मुळं खणतात. वैशाखात आपण चपट्या शेंगा वेचून आणल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तर झाडाच्या जागी खड्डा होता. तुम्ही चपला काढून त्या खड्ड्याजवळ थोडा वेळ उभे राहिलात. मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

त्या शेंगांमधून पाच रोपं जगली. पळसाचं मूळ सरळ खाली धावतं, पिशवी फोडून जमिनीत उतरतं आणि मग रोप हलवलं की मरतं, म्हणून तुम्ही दर पंधरा दिवसांनी त्या पिशव्या उचलून फिरवून ठेवायचात. बाकीच्या पळसांच्या पिशव्या फिरवायला मला कधीच सवड नसायची. पिवळ्याचं रोप आणि केशरीचं रोप, दोन्ही पानावरून सारखीच दिसतात. म्हणून तुम्ही त्या पाचांच्या बुंध्याला पिवळी सुती दोरी सैल गाठ मारून बांधली होतीत. कुणी विचारलं की म्हणायचात, "साधाच पळस हाय." मी एकदा गिऱ्हाइकासमोर फुशारकीनं पिवळा पळस म्हणालो, तर गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही मला चांगलंच झापलंत. "फूल आल्याबिगर नाव लावायचं न्हाई. बी आईवर जातंच असं न्हाई. आलं तर आलं. पर बघितल्याबिगर बोलायचं न्हाई."

मग रांजणगावच्या एका कंपनीची ऑर्डर आली. भिंतीच्या कडेनं लावायला पळस हवे होते, आणि रोप कमरेएवढं पाहिजे, बुटकं चालणार नाही, असं त्यांच्या माणसानं दोनदा सांगितलं होतं. गाडी भरताना पाच रोपं कमी पडली. म्हणजे रोपं होती, पण खुरटी. कमरेएवढी आणि तजेलदार होती ती तुमची पाच. तुम्ही त्या वेळी डोळ्यांच्या उपचारासाठी दौंडला आपाच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, घरी जाऊन राहिला होतात. पहिलीच मोठी ऑर्डर आहे, नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत, हे सगळं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर फार समजवावं लागलं नाही. मी पाचही दोऱ्या सोडल्या, तुमची रोपं गाडीत चढवली आणि त्या दोऱ्या पाच खुरट्या रोपांना बांधल्या. गाठसुद्धा तुमच्यासारखीच सैल मारली. त्या गाठीची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

तुम्ही परत आलात, रोपांना हात लावलात आणि म्हणालात, "ही खाली कशी गेली?" मी म्हणालो, शेजारच्या मावशींच्या शेळीनं शेंडे खाल्ले. माझं ऐकून तुम्ही थेट मावशींच्या दारात गेलात. आयुष्यात कुणाशी आवाज चढवून न बोललेले तुम्ही, त्यांना शेळी सांभाळता येत नाही का म्हणून विचारत होतात. मावशी पदर खोचून बाहेर आल्या. "चाचा, माझी शेळी महिनाभर दावनीला हाय. पोराला इचारा तुमच्या. उगं गरिबाच्या जनावरावर आळ घेऊ नका." तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मी पाण्याचा पाइप उचलला आणि दुसऱ्या वाफ्याकडे गेलो.

ती पाच खुरटी रोपं तुम्ही नर्सरीच्या मागच्या बांधावर लावलीत आणि पोटच्या पोरासारखी वाढवलीत. साखरेच्या आजारानं तुमची नजर हळूहळू जात होती. झाडं मोठी झाली तोवर तुम्हाला फक्त उजेड आणि सावली कळत होती. दर फाल्गुनात तुम्ही विचारायचात, "कळी धरली का?" आणि मी नाही म्हणायचो. शेवटच्या वर्षी पहिल्यांदा फुलं आली. केशरी, ठार केशरी, दुसरी येणार तरी कुठून. मी ओंजळभर फुलं स्वयंपाकघरात तुमच्यापुढे आणून ठेवली. तुम्ही एकेक फूल उलटं करून देठ चाचपलात. "पळस तर हायच. रंग?" मी म्हणालो, "पिवळा, अब्बा. तसाच." तुमचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना.

रंगपंचमीला कॉलनीतल्या पोरांसाठी तुम्ही पळसाची फुलं उकळून रंग करायचात, हे मी विसरलो होतो. तुम्ही विसरला नव्हतात. मी बाहेर गेल्यावर तुम्ही अम्मीला ती फुलं पातेल्यात घालून उकळायला सांगितलीत. मी परत आलो तेव्हा ती पाणी वाटीत ओतत होती. तुम्ही विचारलंत, "कैसा रंग आया?" तिला काय माहीत. ती म्हणाली, "नारंगी. हमेशा का." मी दारातच होतो. तुम्ही वाटीत बोट बुडवलंत, ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलंत, आणि मग माझ्या दिशेनं तोंड करून म्हणालात, "केशरी आला असता तरी मला चाललं असतं रं. माझं मन राखाया खोटं बोललास, कळतंय मला. पर झाडाच्या बाबतीत बोलू न्हाई."

अब्बा, तुम्ही मला माफ केलंत ते भलत्याच गुन्ह्यासाठी. आणि मी ती माफी घेतली. आवाज पाडून 'चुकलो, अब्बा' म्हणत घेतली, म्हणजे तुम्हाला वाटावं की मी शरमलो आहे. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात, आपलं बी आईवर गेलं नाही, असं समजून. मला तेव्हा नुसतं एवढंच म्हणायचं होतं की ही तुमची झाडं नाहीत. चार शब्द. ते मला जमले नाहीत.

त्यानंतर फाल्गुनात मी त्या कंपनीत कधी पाऊल ठेवलं नाही. माल पोचवायचा असला की ड्रायव्हरला पाठवायचो. मागच्या आठवड्यात त्याच्या घरी लग्न होतं आणि लॉनचं माप घ्यायला मलाच जावं लागलं. मागच्या भिंतीकडेनं पळसांची रांग फुललेली. मी खाली बघत टेप ओढत होतो, तरी नजर गेलीच. कँटीनच्या कोपऱ्यावर पिवळा होता, अब्बा. लिंबाच्या सालीसारखा. पाचांतला तो एकच दिसला. बाकीचे केशरी निघाले असतील किंवा मेले असतील. मी एक फूल उचलून उलटं केलं, देठ पाहिला, तुमच्यासारखीच चोच बोटानं उघडली, आणि मग तिथंच खाली बसलो. खूप रडलो असं लिहिलं तर खोटं होईल. टेप गुंडाळत बसलो, एवढंच.

गेटवरचा बिहारकडचा गार्ड मागून आला. त्याला वाटलं मला ऊन लागलं. पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "ये पेड़ बीमार है साहब, सब का फूल लाल, इसका कलर उतर गया." मी त्याला सांगितलं की झाड बिलकूल बीमार नाही, असं झाड या भागात बघायला मिळत नाही, आणि वैशाखात याच्या शेंगा मी न्यायला येईन तोवर कुणाला साल सोलू देऊ नकोस. त्यानं वर झाडाकडे नव्यानं पाहिलं. मग कौतुकानं विचारलं, "किसने उगाया, साहब?"

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणूनच लिहू शकतो. तुमचं नाव घ्यायला तिथं काहीच आडवं येत नव्हतं. तुम्ही नाही, अम्मी नाही, ऑर्डर नाही, कसली भीती नाही. मी म्हणालो, "मैंने."