डीजे शॅडीचे कान

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल भाईंदरच्या हॉलवर संगीत होतं. गाणी बरोब्बर लागली, नवऱ्याकडचे म्हातारेसुद्धा नाचले. मध्येच एक भाभी गर्दीतून थेट माझ्याकडे आल्या. मला वाटलं फर्माइश. म्हणाल्या, "भैया, कान में चुभ रहा है." मी हसून आवाज थोडा उतरवला. जरा वेळाने नवरीचे काका आले. त्यांचंही तेच.

जिग्नेशच्या स्पीकरमध्ये काहीतरी लोचा आहे. स्पीकर त्याचे, हात माझे, असं आमचं इतकी वर्षं चाललंय. पण शिव्या पडतात त्या शॅडीला. उद्या-परवा त्याच्या गाळ्यावर जाऊन सोक्षमोक्ष लावतो.

गुडघे दुखतायत. पाठ तर बोलायलाच नको. बायकोला, वै.ला, सांगितलं तर म्हणाली, "स्टूल घेऊन जात जा ना." बसून गाणी लावणारा डीजे कुणी बघितलाय?

८ फेब्रु., रविवार

गाळ्यावर सगळे स्पीकर एकेक करून लावून बघितले. मला ठणठणीत वाटले. जि. दारात उभा, कपाळाला आठ्या. "शरदभाई, ट्रेबल कितना चढ़ाया है? दाँत में लगता है."

म्हटलं, तुझे स्पीकर मरायला टेकलेत म्हणून बारीक आवाज चढवावा लागतो.

"अरे, नये हैं. दिवाली में तो लिये."

मग भांडलोच. त्याने चहा मागवला, मी न पिता निघून आलो. रस्त्यात स्वतःलाच म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण असं कसं? मला तेवढं एकच तर येतं.

१० फेब्रु., मंगळवार

वॉशिंग मशीन संपलं की वाजतं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेलो. वै. दातांच्या दवाखान्यातली ड्युटी संपवून आली तर कपडे तसेच ओले, पिळलेले, आत.

"अरे, वाजलं नाही का?"

नाही वाजलं.

तिने मशीन परत लावून दाखवलं. आम्ही दोघं बाथरूमच्या दारात उभे. दिवा लुकलुकायला लागला. वै.ने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरून कळलं की वाजतंय. मला काहीच नाही.

"शरद, कधीपासून?"

म्हटलं, मशीन बिघडलंय, आणि चपला घालून खाली उतरलो. सिल्व्हर पार्कच्या बाजारात भाजीवाल्यांमधून उगाच फिरत राहिलो. कुणी हॉर्न दिला की बरं वाटायचं, हा आला ऐकू.

१३ फेब्रु., शुक्रवार

वै.ने शेवटी नेलंच कानवाल्याकडे. काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन दिला, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर बसलेली, चोवीस-पंचवीसची असेल.

सुरुवातीचे जाड आवाज आले, दाबले. मग येईचनात. वाटलं, हिने थांबवलं असेल. मग वाटलं, नसेल थांबवलं. घाम फुटला. आधीचे आवाज किती अंतराने येत होते ते डोक्यात पक्कं बसलेलं. जन्म गेला ठेके मोजण्यात. मग ठेका धरला आणि त्याच्यावर बटण दाबत गेलो. एक-दोन-तीन-दाब. मनात म्हटलं, कोण पकडणार?

तिने दार उघडलं. "काका, मी आवाज दिलाच नव्हता."

कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा बसून राहिलो. वै. काचेपलीकडे. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तपासणीच्या कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि पुढे खड्ड्यात. वरचे बारीक आवाज गेले, दोन्ही कानांचे. परत यायचे नाहीत. म्हणजे ज्याला मी ट्रेबल म्हणतो ते मला ऐकूच येत नव्हतं, म्हणून चढवत होतो. भाभी बरोबर होत्या. जि.ही. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. धंदा काय म्हणून विचारलं. वै.ने सांगितलं. त्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं.

कानात घालायचं मशीन दिलंय, महिनाभर वापरून बघा म्हणाले. कपाटात टाकलं. कानात मशीन घातलेल्या माणसाला कोण गाणी लावायला बोलावणार? आंधळ्याला ड्रायव्हर ठेवण्यासारखं झालं ते.

जि.ला सांगायचं नाही. वै.ला शपथ घातली. शपथ घालतो म्हणून ओरडली माझ्यावर.

१४ फेब्रु., शनिवार

आज प्रोग्रॅम नाही. व्हॅलेंटाइनचा दिवस आणि शॅडी घरात. पूर्वी या दिवशी हायवेवरच्या क्लबात मला पाणी प्यायला फुरसत नसायची. पोरी येऊन नाव विचारायच्या. मग क्लबवाल्याने तिशीच्या आतलाच हवा म्हणून सांगितलं, तेव्हा पूर्णवेळ लग्नांत शिरलो. लग्नवाल्यांना दाढी पांढरी दिसायला लागली, तेव्हा वाढदिवस, बारशी, डोहाळजेवणं. मागच्या वर्षी एका साठीशांतीला वाजवलं आणि उत्सवमूर्ती माझ्यापेक्षा नऊच वर्षांनी मोठे निघाले. आता सगळे काका म्हणतात. दर पायरी उतरताना म्हटलं, ठीक आहे, अजून काम आहे ना. आता खाली पायरीच दिसत नाहीये.

वै. म्हणते, शिकव कुणाला तरी. काय शिकवू? हात कुठे ठेवायचा ते कान सांगतात.

केसांना कलप लावला. बेसिन काळं झालं.

१६ फेब्रु., सोमवार

उपाय सापडला. वै.ची लाल नेलपॉलिश घेतली आणि साउंड मिक्सरवर ट्रेबलच्या बटणाशेजारी ठिपका दिला. याच्यावर जायचं नाही, कान काहीही म्हणोत. बाकी सगळं लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसतंच, दोन गाण्यांच्या रंगीत रेघा असतात, त्या जुळवल्या की झालं. आजच्या वाढदिवसाला तसंच केलं. मला सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटत होतं, हात सारखा बटणाकडे जायचा. पण तक्रार एक नाही.

हे जमेल. देवा, एवढं जमू दे.

१८ फेब्रु., बुधवार

धर्मा कोळी आला होता उत्तनजवळच्या पालीहून. त्याच्या लग्नात मी हळद वाजवली ती माझी किनाऱ्यावरची पहिली ऑर्डर, नाव शॅडी पडलं ते तिथेच. आता त्याच्या रोहनचं लग्न. शनिवारी हळद, रविवारी लग्न. सोबत सुके बोंबील घेऊन आला.

मी म्हटलं, धर्मा, तरुण डीजे बघ ना, हल्ली पोरांना वेगळं लागतं.

"येडा झालास काय? माझ्या हलदीला तू व्हता. पोराच्याला दुसरा कोन न्हाय."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. वै. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की कुणीतरी माझ्यावाचून अडतंय.

तो गेल्यावर वै. म्हणाली, "त्याला तरी फसवू नकोस." मी जेवलो नाही.

२१ फेब्रु., शनिवार. संध्याकाळ

घरी येऊन लगेच लिहितोय.

पालीच्या गल्लीत मांडव. दुपारचं ऊन, सगळ्या बाया एकसारख्या पिवळ्या साड्यांत. रोहन पाटावर. हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण म्हणजे धर्माची थोरली काकी, ती गायला बसली. तिच्यासमोर माइक. हे मला पाठ आहे, ती गाते तेव्हा आपलं संगीत बंद, तिचा माइक वर, तिची ओळ संपली की मग आपलं गाणं.

तिचा आवाज म्हातारीचा, बारीक. मला ऐकूच येईना. ओठ हलताना दिसत होते. माइक चढवला. अजून चढवला. तिचे ओठ थांबले, मी नाचाचं गाणं सोडलं आणि तिचा माइक बंद करायला विसरलो. माइक स्पीकरच्या तोंडासमोर.

मग सगळ्यांचे हात वर गेले. पुढच्या बायांचे, पोरांचे, रोहनच्या मामांचे, एकदम. काय वाटलं असेल मला! म्हटलं, आहे, शॅडी अजून आहे. गाणं अजून चढवलं. मीही दोन्ही हात वर केले. डोळे मिटले आणि नाचलो.

डोळे उघडले तर सगळे हात कानांवर होते.

माइकने शिट्टी धरली होती. सगळ्या गल्लीला ऐकू येत होती, एक मी सोडून. एक तान्हं पोर काळंनिळं होऊन रडत होतं, तेही मला नुसतं दिसत होतं. जि. स्पीकरमागून धावत आला आणि त्याने वायरच खेचली. मग काकी उठून माझ्या तोंडासमोर येऊन ओरडली तेवढं ऐकू आलं, "आरं, बहिरा हाय काय रं तू?"

कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. धर्माने हात वर करून सांगितलं, "मशीन बिघरली, मशीन. चला, ब्रासवाल्यांना बोलवा." ते ब्रास बँडवर नाचले. चांगले नाचले.

जि. टेम्पोजवळ आला. अगदी जवळ येऊन बोलला, सावकाश, लहान मुलाशी बोलतात तसा. "शरदभाई, सच बोलो. सुनाई नहीं देता ना?"

मी मान हलवली. कशी हलवली मलाही ठाऊक नाही. त्याने माझ्या गळ्यातला हेडफोन काढून घेतला, व्यवस्थित गुंडाळला. रागावला असता तर मी भांडलो असतो. "कल का मैं देख लूँगा," एवढंच म्हणाला.

निघताना धर्मा आला. अंगभर हळद. माझा हात धरून म्हणाला, "उद्या ये. वैनीला घेऊन ये. वाजवायला न्हाय, जेवायला ये."

प्रेमानेच म्हणाला. त्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ फेब्रु., रविवार

सकाळी कपाटातून ते मशीन काढलं, कानात घातलं. फोनवर कुणीतरी हळदीचा व्हिडिओ टाकलाय, लोक खाली हसरे चेहरे आणि अंगठे टाकतायत. लावला. तारेसारखी शिट्टी डोक्यात घुसली. मीच उपटून काढलं मशीन. आणि व्हिडिओत मागे तो विरळ केसांना कलप लावलेला माणूस दोन्ही हात वर करून नाचतोय. इतकी वर्षं लोकांसमोर उभा राहिलो, स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. किती लग्नं मी अशी वाजवली असतील? मागचा सीझन? त्याच्या मागचा? लोक सभ्यपणे सोसत होते की काय?

रडलो. वै. घरात होती, तरी रडलो. तिने पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. परत विचारलं नाही.

जि.चा मेसेज. आज रात्री दहिसरचा कुणी डीजे जाणार. खाली लिहिलंय, ऑफिसमध्ये बसून बुकिंगचे फोन घ्या. फोन! बरा माणूस आहे तो, त्याच्या लक्षात आलं नसेल.

बावन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? खरंच विचारतोय. कुणाला विचारतोय माहीत नाही.

वै. तयार झालीय. चॉकलेटी साडी. म्हणते, "धर्माने मानाने बोलावलंय, जायला हवं. मशीन घाल, निदान माणसं काय बोलतात ते कळेल." घातलं तर सगळ्या गावाला दिसणार. नाही घातलं तर तोंडं बघत बसायचं.

आणि तिथे जाऊन करायचं काय? आयुष्यात शेकड्यांनी लग्नांना गेलो, पण पाहुणा म्हणून स्वतःच्या लग्नानंतर एकाही नाही. स्पीकरच्या मागून लग्न कसं दिसतं ते ठाऊक आहे. समोर खुर्चीत बसलेली माणसं हातांचं काय करतात ते कधी बघितलंच नाही.

उत्तनची बस आत्ता मिळाली तर रात्रीच्या जेवणाला पोचू. वै. दारात येऊन दोनदा बघून गेली. शर्ट घातलाय. बटणं लावतोय.