साडेपाच बँड

४ ऑगस्ट
लेकीला कृत्रिम हातपाय बनवण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला परदेशी जायचंय. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. नऊपैकी मार्क, त्यांना बँड म्हणतात. हिला सात हवेत. वाचन-लेखन ती स्वतः करणार, बोलण्याची तयारी तू करून घे, असं तीच म्हणाली. योग्य माणसाकडे आली. शेजारी डिक्शनरी ठेवून मी लायब्ररीतलं इंग्रजी कादंबऱ्यांचं अख्खं कपाट संपवलंय. बोलायची वेळ कधी आली नाही, हा माझा दोष नव्हे.
तिनं जावं की राहावं, याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. लिहून ठेवलेलं बरं.

६ ऑगस्ट, संध्याकाळ
पहिली प्रॅक्टिस. यांच्या खुर्चीत बसले. हे गेल्यापासून तिच्यात कोणी बसलं नव्हतं. परीक्षकाला हातांची खुर्ची लागते, दुसरं कारण नाही.
विषय चिठ्ठी उचलून. पहिली निघाली, ‘सोडून जाणं जड जाईल अशी एखादी जागा’. दुसरी, ‘घरी एकटी राहणारी एक व्यक्ती’. लेक म्हणाली, चिठ्ठ्या सगळ्या एकाच वळणाच्या दिसतात. आता कोणती चिठ्ठी निघेल यात माझा काय हात? मी फक्त त्या लिहिल्या.
बँड साडेसहा. सुरुवातीला ठीक.

११ ऑगस्ट
विषय, ‘तुमच्यावर प्रभाव पडलेली व्यक्ती’. ती कृत्रिम हातपाय बनवायच्या वर्कशॉपमध्ये काम करते, तिथल्या फोरमनबद्दल तिनं सांगितलं. ‘बेसिकली’ चारदा. सहा बँड.
मग नमुना उत्तर मी दिलं, यांच्यावर. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. आत माणूस अडकला तर काम करता करता बाहेरून काहीबाही बोलत राहायचे, म्हणजे तो घाबरत नाही. हे सांगताना मी इंग्रजीतून मराठीत कधी आले, कळलं नाही. नमुना उत्तर दोन मिनिटांचं असतं. माझं जरा लांबलं. लेकीनं उठून कुकर लावला, तो गार झाला, तरी चालू होतं. तिनं मला एकदाही थांबवलं नाही. वेळ संपली की थांबवतात, एवढं तिला कळायला हवं. आणखी अर्धा कापणार होते, पण सोडून दिलं.

२० ऑगस्ट
वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, वहिनी, पोरीची वाट अडवू नका. अडवायचं असतं तर मी शिकवलं असतं का? वन्संना बोलायला फक्त तोंड लागतं. त्यांनाही एक चिठ्ठी उचलायला सांगितली. ‘आईचा सल्ला’ निघाली. त्यांनी ती वाचली, लेकीकडे पाहिलं, आणि दोघी हसत सुटल्या. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, विचारायचं राहिलं.

२९ ऑगस्ट
साडेपाच. परीक्षा जवळ येतेय तसा हिचा बँड उतरतोय. काळजीचीच गोष्ट आहे. मी सुचवलं, सहा महिने पुढे ढकल. घाईनं कोणाचं भलं झालंय?
तिनं चिठ्ठी खाली ठेवली.
“आई, खोटं खोटं तरी एकदा सात दे ना गं.”
मी म्हटलं, खोट्यानं तुझंच नुकसान.
“मग खरं सांग. मी गेले तर तुला चालेल?”
प्रश्न परीक्षकानं विचारायचे असतात, असं मी तिला बजावलं. ती भांडी घासायला गेली. ताटं दोनच होती, बराच वेळ घासत होती.
माझं काही चुकलं नाही. शिस्त ती शिस्त.

६ सप्टेंबर, सकाळ
आज परीक्षा. माझा गुडघा धरलाय. तिला सांगायचं नाही, असं पक्कं ठरवलं होतं. दोनदाच सांगितलं. तिसऱ्यांदा नुसती कण्हले. तिनं तेल चोळलं, पट्टा बांधला आणि वेळेवर गेली. पट्टा इतका नेमका बांधला होता की गुडघ्याचं दुखणं लगेच उतरलं. इतकं येत असताना हिला आणखी काय शिकायचंय?

त्याच दिवशी, संध्याकाळ
कशी गेली, विचारलं. बरी, म्हणाली. बरी म्हणजे सहा. पुन्हा बसावं लागणार. धीर सोडायचा नाही, असं तिला समजावलं. ती म्हणाली, नाही सोडत. मी नव्या चिठ्ठ्या करायला घेतल्या.

१९ सप्टेंबर
रिझल्ट. बोलण्यात आठ. चष्मा पुसून पाहिलं, आठच. या परीक्षेचा दर्जा घसरलाय.
वर्कशॉपमधली रिसेप्शनिस्ट अभिनंदनाला आली. जेवणाच्या सुट्टीत मी रोज तिची इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस करून घेतली त्याचं चीज झालं, असं बोलून गेली. लेक आत चहा टाकत होती. मी विचारलं, मग घरी माझ्यापुढे कशाला बसायची? रिसेप्शनिस्ट आधी गडबडली, मग हळूच म्हणाली, “काका गेल्यापासून तुम्ही बोलतच नव्हता ना, काकू. ती म्हणायची, परीक्षेच्या निमित्तानं आई रोज थोडं तरी बोलेल.”
ते मला माहीत होतंच, असं मी म्हटलं. चहा आला. साखर आहे का नाही, कळलं नाही.

२२ सप्टेंबर
लेक तिकिटाचं काही बोलत नाही. माझ्या परवानगीसाठी थांबली असणार. तेव्हा ती आज रीतसर द्यायचं ठरवलं, तीही इंग्रजीत, म्हणजे आपला मान राहील. दुपारभर भाषण पाठ केलं. कर्तव्य, भविष्य, तिचे वडील, शेवटी आशीर्वाद. आरशासमोर एकदाही अडखळले नाही.
संध्याकाळी ती येऊन समोर बसली. पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही नाही. तिनं घाई केली नाही. शेवटी मराठीतच ‘जा’ म्हणाले. ते तिला नीट ऐकू गेलं नसावं, कारण तिनं काय म्हणून विचारलं.
पुन्हा म्हणावं लागलं.