डिकॅपिटेटचे प्रात्यक्षिक

२ डिसेंबर १९३४, रविवार
हेडमास्तरांची जागा रिकामी. सीनिअर मीच. दहा तारखेला मेहकरहून डिप्टीसाहेब तपासणीला येणार. त्यांची शिफारस झाली की खुर्ची आपली. उद्यापासून रोज पहाटे पाठाची तयारी.

३ डिसेंबर
थंडी फार. उद्यापासून.

५ डिसेंबर, सकाळी ९
शब्द सापडला : डिकॅपिटेट. शिरच्छेद करणे. लॅटिन 'डे' म्हणजे वेगळे, 'कापुत' म्हणजे डोके. कॅप्टन, कॅपिटल, सगळे त्याच डोक्यातून निघालेले. जिल्ह्यात हे ठाऊक असणारा मी एकटाच असावा. (डिक्शनरीत आहे, पण ती उघडतो कोण?) बायकोला, शरयूला सांगितले. म्हणाली, पोरांना अजून 'कॅट' लिहिता येत नाही. संसारी माणसांची दृष्टी जवळची.

८ डिसेंबर
शब्द डोळ्यांना दिसला पाहिजे. शाळेच्या बागेत ज्वारी उभी आहे. आमच्या घराण्यात शेती नाही, पण कणीस म्हणजे ज्वारीच्या ताटाचे डोके, एवढे मला कळते. अठरा ताटांना कुणीतरी लाल दोरा बांधला आहे. सर्वांत उंच, भरदार तीच. प्रात्यक्षिकाला सोयीची. बाग पाहणाऱ्या शाळा-कमिटीच्या उकंडरावांना विचारणार होतो, ते शेतावर. एवढ्यासाठी कशाला त्रास?

१० डिसेंबर, दुपारी
साहेब आले. वर्ग बागेत नेला. 'डे!' म्हटले, विळा लावला. 'कापुत!' म्हटले, कणीस खाली. अठरा वेळा. साहेबांनी वहीत काहीतरी टिपले.
तेवढ्यात उकंडराव धावत आले. "मास्तर, बियाण्याची कनसं काऊन कापली हो? साहेबाले दाखवाले राखली होती म्या!" दोरा ही बियाण्याची खूण, हे तेव्हा समजले. अजून महिनाभर पिकायला हवी होती म्हणे. मी त्यांना लॅटिन समजावू लागलो. "तुमच्या लॅटिनले कोंब फुटते का बे?" म्हणाले. 'बे' म्हणाले! साहेबांदेखत!

सायंकाळी
कोवळ्या कणसांचा हुरडा भाजला. साहेबांनी तीनदा मागून घेतला. शिफारस नक्की.

२२ डिसेंबर
शेरा आला : 'हुरडा उत्तम. बियाण्याचा नाश. इंग्रजीत प्रगती दिसली नाही.' पहिले वाक्य आशादायक आहे.

७ जानेवारी १९३५
दुसरबीडचे रंगराव हेडमास्तर म्हणून रुजू. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान. पहिला लेखी हुकूम माझ्याच नावे : इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर जाऊ नये, जाणे भागच पडल्यास उकंडरावांना सोबत न्यावे.
वाचून सही केली.