कापड ओढू नये

मी, या घरातली थोरली सून, धंद्याने पडदे शिवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या अक्षरात आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. धाकट्या जावेला तो मान्य नाही, पण तिला माझं काही मान्य होतं तरी कधी? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यापुढे करण्याइतका उत्साह उरलेला नाही.

कलम १. शिवणयंत्र, कात्र्या आणि दोऱ्यांचा डबा माझ्या लेकीला. अट एकच, कापड मागून ओढू नये. यंत्राचे दात ते आपणहून पुढे नेतात. आपण घाईने ओढलं की सुई वाकते आणि मोडते. शिवणात हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. बाकीच्या आयुष्यात कळेपर्यंत केस पांढरे झाले.

कलम २. घरातला माझा हिस्सा, मागच्या खोलीसह, धाकट्या जावेला. याच खोलीवरून आमचं वाजलं. मी सकाळी तिथे डोळे मिटून बसायचे आणि ही भिंतीपलीकडे भांडी आदळायची. मुद्दाम आदळायची. मरताना तरी खरं लिहावं.

बसण्याचं खूळ मला चष्मेवाल्या आजोबांनी लावलं असं घरात सगळे म्हणतात. आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानात भिंगं घासत आणि गिऱ्हाईक नसलं की नुसते बसून राहत. तो निवांत चेहरा पाहून मला हेवा वाटे. नवरा गेल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. जप केला, श्वासावर लक्ष ठेवलं, एकच वेळ जेवून पाहिलं. मन काही ठिकाणावर येईना. एकदा रडकुंडीला येऊन विचारलं, "आजोबा, आता आणखी काय करू?"

भिंगावरची नजर न काढता ते म्हणाले, "आता बस."

मी बसले. वर्षानुवर्षं बसले. दातओठ खाऊन, पाठ ताठ करून, गुडघ्यांचं भुस्कट होईपर्यंत. शांत होण्याच्या नादात इतकी चिडचिडी झाले की मांजरसुद्धा माझ्या वाटेला जाईना. शेवटी तक्रार घेऊन गेले. "तुम्ही बस म्हणालात म्हणून बसतेय, पण होत काहीच नाही."

आजोबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. "अगं, बस म्हणजे पुरे! पुरे कर म्हणालो होतो मी!"

एवढी संतापले की दुसऱ्या दिवसापासून बसणंच सोडलं. त्याच आठवड्यात एका मोठ्या दिवाणखान्याचे पडदे शिवायला आले. दुपार होती. पांढरं, पातळ कापड यंत्राखालून सरकत होतं, जमिनीवर साठत होतं, उंबऱ्यावरून बाहेर चाललं होतं. खिडकीतलं ऊन त्यावर हलत होतं. हात कापडावर होते, पण ते चालवत कुणीच नव्हतं. पलीकडे भांडी वाजली. तो आवाज आला आणि माझ्यातून निघून गेला, कुठे अडकलाच नाही. शिवण संपली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि माझा चहा गार झाला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं झालं. पुन्हा तसं व्हावं म्हणून मी काही केलं नाही. म्हणूनच बहुधा ते होत राहिलं.

कलम ३. माझं आसन कुणीही पूजेला लावू नये. उसवून त्यातल्या कापसाची उशी करावी.

कलम ४, धाकटीसाठी. हल्ली मी डुलकीतून जागी होते तेव्हा माझं मनगट हिच्या मुठीत असतं. डोळ्यांत तेल घालून बसते. डोळा लागला तर मी निसटून जाईन, अशी तिला भीती. "ताई, मी आहे ना, जायचं नाही," असं दटावते. अगं, तू धरून ठेवलंस म्हणून मी राहणार नाही आणि सोडलंस म्हणून जाणार नाही. मी जाईन तेव्हा तू स्वयंपाकघरात असलीस, तर स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तुझ्या भांड्यांचा आवाज ऐकत जायला मला आवडेल. माझी तुझ्यावर फार माया आहे. तोंडावर बोलायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिते.

धाकटीला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकिलांनी सांगितल्यावर ती रुसली. आता मी सही करते आहे आणि पंख्याने उडू नये म्हणून तिने हा कागद दोन्ही हातांनी दाबून धरला आहे. मी म्हटलं, "सोड गं." तिने एकेक बोट उचललं.

कागद जागेवरच आहे.

सही : थोरली
साक्षीदार : डॉक्टरीणबाई, समोरचा इस्त्रीवाला (दोघांनी एकमेकांच्या व माझ्या देखत सह्या केल्या)
ठिकाण : मागची खोली
दिनांक : आजचा, बुधवार, दुपार